ऑडिओ इंटरफेस, सुवाह्य

ऑडिओ इंटरफेस, सुवाह्य : मायक्रोफोन किंवा विद्युत् वाद्य यांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत विवर्धित करून (मोठा करून) तो अंकीय रूपात संगणकाला अथवा मोबाइल फोनला पुरविणारे आणि तेथून आलेल्या अंकीय माहितीचे पुन्हा श्राव्य संकेतात रूपांतर करणारे, सहज उचलून नेता येण्याजोगे उपकरण. याचा आकार सामान्यतः एखाद्या जाड पुस्तकाएवढा व वजन अर्धा किग्रॅ.च्या आसपास असते. एकेकाळी ध्वनिमुद्रणगृहातील अनेक अवजड यंत्रांकडून करून घेतले जाणारे काम आता हे एकच उपकरण करीत असल्यामुळे गायक, वादक, संगीताचे विद्यार्थी व लोकसंगीताचे संग्राहक यांना घरी किंवा प्रवासात ध्वनिमुद्रण करणे शक्य झाले आहे.

ध्वनिमुद्रणाच्या साखळीत हे उपकरण अगदी आरंभी येते. या टप्प्यावर संकेतात मिसळलेला गोंगाट किंवा निर्माण झालेली विकृती नंतरच्या कोणत्याही संस्करणाने पूर्णपणे दूर करता येत नाही. संगणकावरील आज्ञावली बदलता येते, संपादन पुन्हा करता येते. परंतु वृद्ध गायकाने एकदाच गायिलेली चीज पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून या उपकरणाच्या निवडीस महत्त्व आहे. ही निवड उपकरणाच्या खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्यांवरून करण्याची प्रवृत्ती आढळते. वस्तुतः कोणता ध्वनी, किती अंतरावरून, कोणत्या जागी आणि कोणत्या विद्युत् पुरवठ्यावर मुद्रित करावयाचा आहे, या प्रश्नांच्या उत्तरांवरून ती ठरली पाहिजे.

इतिहास : कलावंताने यंत्राकडे जाण्याऐवजी यंत्राने कलावंताकडे जाण्याची प्रथा ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास येऊन गौहर जान यांच्या गायनाचे मुद्रण केले. त्या वेळी गायकास कर्ण्यासमोर मोठ्याने गावे लागे आणि तबकडीत सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण प्रचारात आल्यावर मायक्रोफोन व विवर्धक यांचा उपयोग होऊ लागला आणि हळू आवाजातील बारकावेही टिपता येऊ लागले. अमेरिकेत जॉन लोमॅक्स व त्यांचे पुत्र ॲलन लोमॅक्स यांनी १९३३ मध्ये दक्षिणेकडील राज्यांत लोकगीते मुद्रित केली, तेव्हा मोटारीत बसविलेल्या त्यांच्या तबकडी-मुद्रकाचे वजन सुमारे १४० किग्रॅ. होते. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार केलेल्या ‘नाग्रा’ या फीत-मुद्रकामुळे हे काम एका माणसाच्या आवाक्यात आले.

घरगुती बहुपथी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९७९ मध्ये टीॲक कंपनीने बाजारात आणलेल्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या यंत्रापासून मानला जातो. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र पथ मुद्रित करण्याची सोय त्यात होती. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘नेब्रास्का’ हा संग्रह मुख्यतः आपल्या राहत्या घरी याच यंत्रावर मुद्रित केला होता. पुढे वैयक्तिक संगणकाचा प्रसार झाला आणि यूएसबी जोडणी सार्वत्रिक झाल्यावर, २००० नंतर, संगणकाबाहेर ठेवावयाचे छोटे इंटरफेस रूढ झाले. फोकसराइट या ब्रिटिश कंपनीच्या २०११ मधील ‘स्कारलेट २आय२’ या दोन आदानांच्या उपकरणानंतर या प्रकारास मोठी लोकप्रियता लाभली. स्मार्टफोन व टॅब्लेट यांना जोडता येणारी उपकरणे आल्यामुळे मुद्रणासाठी संगणकही अपरिहार्य राहिला नाही.

रचना व कार्य : या उपकरणाचे पूर्वविवर्धक, अंकीय परिवर्तक, संगणकाशी जोडणी करणारे मंडल आणि श्रवणासाठीचा विवर्धक असे चार मुख्य भाग असतात.

मायक्रोफोनपासून मिळणारा विद्युत् दाब फार अल्प असतो. १ पास्काल ध्वनिदाबास (सु. ९४ डेसिबेल पातळीच्या, म्हणजे बऱ्याच मोठ्या आवाजास) सामान्य गतिक मायक्रोफोन १ ते २ मिलिव्होल्ट, तर धारित्र (कंडेन्सर) मायक्रोफोन १० ते २५ मिलिव्होल्ट दाब देतो. परिवर्तकास मात्र याच्या शेकडो पट दाब लागतो. ही वाढ करण्याचे काम पूर्वविवर्धक करतो. त्याचे विवर्धन डेसिबेल या एककात सांगतात. ६० डेसिबेल विवर्धन म्हणजे दाबात १,००० पट वाढ होय.

विवर्धित संकेताचे परिवर्तकात ठरावीक कालांतराने नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुन्याचे मूल्य द्विमान अंकांत लिहिले जाते. एका सेकंदात घेतलेल्या नमुन्यांची संख्या ही त्यातील सर्वोच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) दुपटीपेक्षा जास्त असावी लागते. हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून हे तत्त्व प्रस्थापित झाले. मानवी श्रवणमर्यादा सु. २० किलोहर्ट्‌झ असल्याने १९८२ मध्ये प्रचारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४·१ किलोहर्ट्‌झ नमुनादर व १६ बिट ही मानके स्वीकारली गेली. प्रत्येक बिटामुळे मोजता येणाऱ्या पातळ्यांच्या व्याप्तीत सु. ६ डेसिबेलांची भर पडते. त्यामुळे १६ बिटांनी सु. ९६, तर २४ बिटांनी तत्त्वतः १४४ डेसिबेल व्याप्ती मिळते. प्रत्यक्षात मंडलातील गोंगाटामुळे चांगल्या परिवर्तकांची व्याप्ती ११० ते १२५ डेसिबेलांच्या दरम्यान राहते.

निवडीचे निकष : (१) आदानांचे प्रकार व संख्या : मायक्रोफोनसाठी तीन टाचण्यांची, एक्सएलआर नावाची जोडणी वापरतात. तिच्यातून संतुलित संकेत जातो. म्हणजे दोन तारांत तोच संकेत परस्परविरुद्ध दिशांनी वाहतो व दोहोंतील फरक घेतल्याने वाटेत शिरलेला बाह्य गोंगाट बव्हंशी नाहीसा होतो. लांब तारांसाठी ही व्यवस्था आवश्यक ठरते. विद्युत् गिटारसारख्या वाद्यासाठी ६·३५ मिमी. व्यासाच्या खुंटीचे आदान असते. मायक्रोफोनच्या आदानाचा संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा विरोध) सामान्यतः १·५ ते ३ किलोओहम, तर वाद्याच्या आदानाचा सु. १ मेगॅओहम असतो. गिटार किंवा वाद्यास चिकटविलेला स्पर्श-मायक्रोफोन कमी संरोधाच्या आदानास जोडल्यास आवाज बोथट व निस्तेज होतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, कळफलक वाद्य किंवा मिश्रक यांचा संकेत आधीच मोठा असल्यामुळे त्यांस ‘लाइन’ आदान लागते. अनेक उपकरणांत एकाच छिद्रात या तिन्ही सोयी असतात. मात्र योग्य कळ दाबलेली असणे आवश्यक असते.

आदानांची छापील संख्या पाहताना सावधगिरी बाळगावी लागते. तीत अंकीय आदाने किंवा संगणकातील ध्वनी परत मुद्रित करण्याचे आभासी पथही मोजलेले असतात. मायक्रोफोनचे पूर्वविवर्धक किती, ही संख्या खरी निर्णायक होय. एकट्याने रियाज करणाऱ्यास एक, गायन व साथ वेगळी मुद्रित करण्यास दोन, तर गायन, हार्मोनियम व तबल्याची दोन्ही अंगे स्वतंत्रपणे घेण्यास चार पूर्वविवर्धक लागतात. समूहाचे एकत्रित मुद्रण दोन मायक्रोफोनांच्या जोडीनेही उत्तम होऊ शकते. केवळ माणसे अधिक म्हणून आदाने अधिक हवीत असे नाही.

(२) पूर्वविवर्धकाचा गोंगाट व विवर्धन : प्रत्येक रोधात उष्णतेमुळे अल्प विद्युत् गोंगाट निर्माण होतो. १५० ओहम रोधाचा, २० किलोहर्ट्‌झपर्यंतच्या पट्ट्यातील हा गोंगाट नेहमीच्या तापमानास सु. −१३१ डीबीयू (०·७७५ व्होल्टच्या संदर्भात मोजलेले डेसिबेल) इतका असतो. कोणताही पूर्वविवर्धक या नैसर्गिक मर्यादेखाली जाऊ शकत नाही. चांगल्या सुवाह्य उपकरणांत आदानी समतुल्य गोंगाट −१२५ ते −१२९ डीबीयू आढळतो. दोन उपकरणांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत, याची खात्री करून घ्यावी लागते.

या आकड्यांचा व्यावहारिक अर्थ तानपुऱ्याच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. तानपुऱ्याचा ध्वनिदाब मायक्रोफोनपाशी ०·०१ पास्काल (सु. ५४ डेसिबेल) आहे असे मानल्यास, २ मिलिव्होल्ट संवेदनशीलतेच्या गतिक मायक्रोफोनपासून केवळ २० मायक्रोव्होल्ट संकेत मिळेल. −१२५ डीबीयू गोंगाटाचा पूर्वविवर्धक स्वतःचा सु. ०·४ मायक्रोव्होल्ट गोंगाट त्यात मिसळेल. म्हणजे संकेत गोंगाटापेक्षा सु. ३३ डेसिबेलांनी वर राहील. −११० डीबीयू गोंगाटाच्या निकृष्ट विवर्धकात हेच अंतर १८ डेसिबेलांवर येईल व तानपुऱ्याच्या जवारीमागे फुसफुस स्पष्ट ऐकू येईल. २० मिलिव्होल्ट संवेदनशीलतेचा धारित्र मायक्रोफोन वापरल्यास संकेत दहापट होऊन विवर्धकाच्या गोंगाटाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. परंतु शांत घरातही पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबेलांच्या आसपास असतो. तो तानपुऱ्याच्या आवाजाखाली फक्त २४ डेसिबेलांवर आहे. यावरून दोन निष्कर्ष निघतात : निकृष्ट पूर्वविवर्धक टाळणे अगत्याचे आहे, पण एका मर्यादेपुढे अधिक महाग विवर्धक घेऊन लाभ होत नाही, कारण त्यापुढे खोलीचाच गोंगाट वरचढ ठरतो. मायक्रोफोनचे वाद्यापासूनचे अंतर निम्मे केल्यास थेट येणारा ध्वनी सु. ६ डेसिबेलांनी वाढतो. पंखा बंद करणे, खिडकीवर जाड पडदा सोडणे व मायक्रोफोन जवळ आणणे हे उपाय विनाखर्च असून उपकरण बदलण्यापेक्षा बहुधा अधिक गुणकारी ठरतात.

(३) फँटम पुरवठा : धारित्र मायक्रोफोनला लागणारी शक्ती संकेताच्या तारांतूनच ४८ व्होल्ट एकदिश दाबाने पुरविली जाते. तारा त्याच असल्याने व हा पुरवठा वेगळा दिसत नसल्याने त्यास फँटम (अदृश्य) असे नाव पडले. यूएसबीच्या ५ व्होल्टपासून हा दाब उपकरणातच निर्माण करावा लागतो. काही स्वस्त किंवा फार लहान उपकरणे ४८ व्होल्टपेक्षा बराच कमी दाब देतात. अशा वेळी मायक्रोफोन चालला तरी मोठ्या आवाजास तो लवकर विकृत होतो. सुस्थितीतील संतुलित गतिक मायक्रोफोनला या दाबाने अपाय होत नाही. जुन्या पट्टी-मायक्रोफोनच्या (रिबन मायक्रोफोनच्या) बाबतीत मात्र तार सदोष असल्यास आतील नाजूक पट्टी निकामी होऊ शकते, म्हणून तो जोडण्यापूर्वी हा पुरवठा बंद करतात.

(४) नमुनादर व बिटसंख्या : संगीताच्या मुद्रणास ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट हे प्रमाण पुरेसे आहे. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झची सोय बहुतेक उपकरणांत असते. परंतु तीमुळे श्राव्य कंप्रतांत भर पडत नाही. साठवणूक मात्र वाढते. ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिटांच्या दोन पथांचे एका तासाचे मुद्रण सु. १·०४ गिगॅबाइट, तर ९६ किलोहर्ट्‌झचे त्याच्या दुप्पट जागा व्यापते. २४ बिटांचा खरा लाभ म्हणजे मुद्रणाची पातळी कमाल मर्यादेच्या बरीच खाली ठेवता येते. अंकीय मुद्रणात कमाल मर्यादा ओलांडणारा संकेत छाटला जातो व ती हानी कायमची असते. ख्यालगायनात मंद्र सप्तकातील संथ आलाप आणि तार षड्जावरील पुकार यांच्या पातळ्यांत फार मोठा फरक पडतो. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाची चाचणी घेऊन त्याचा उच्चांक कमाल मर्यादेच्या १० ते १२ डेसिबेल खाली राहील अशा बेताने विवर्धन ठरवितात.

३२ बिट चल-बिंदू पद्धतीचे सुवाह्य मुद्रक २०१९ पासून उपलब्ध झाले व पुढे ही सोय काही इंटरफेसांतही आली. तीत वेगवेगळ्या विवर्धनाचे दोन परिवर्तक एकत्र वापरून फार मोठी व्याप्ती साधतात व पातळी चुकली तरी मुद्रण वाचविता येते. एकट्याने गाणारा व स्वतःच मुद्रण करणारा कलावंत किंवा अनपेक्षित आवाजांना सामोरा जाणारा संग्राहक यांस ती उपयुक्त आहे. तथापि मायक्रोफोनमध्येच झालेली विकृती किंवा खोलीतील गोंगाट तीमुळे दूर होत नाही.

(५) विलंब : संगणक नमुने एकेक न हाताळता त्यांचे गट करून हाताळतो. २५६ नमुन्यांचा गट ४८ किलोहर्ट्‌झ दराने भरण्यास ५·३ मिलिसेकंद लागतात. ध्वनी आत येण्यास व परत बाहेर जाण्यास असा वेळ दोनदा लागत असून त्यात परिवर्तकांच्या व आज्ञावलीच्या विलंबाची भर पडते. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदास सु. ३४३ मी. असल्यामुळे १० मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे साथीदार ३·४ मी. दूर बसल्यासारखे होते. एवढा विलंब वादकास बहुधा जाणवत नाही. परंतु गायकास स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्काळ व हेडफोनमधून किंचित उशिराने ऐकू येत असल्याने तो अस्वस्थ होतो. यावर उपाय म्हणून आदानातील संकेत संगणकात न पाठविता थेट हेडफोनकडे वळविण्याची सोय अनेक उपकरणांत असते. आधी मुद्रित केलेल्या लेहऱ्यावर किंवा ठेक्यावर गाणाऱ्याने ही सोय असलेलेच उपकरण निवडणे इष्ट ठरते.

(६) विद्युत् पुरवठा : यूएसबी २·० मानकानुसार एका जोडणीतून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २·५ वॉट शक्ती मिळते. दोन पूर्वविवर्धक, फँटम पुरवठा व हेडफोन यांना ती पुरते. आठ आदानांच्या उपकरणास सामान्यतः स्वतंत्र पुरवठा लागतो. काही मोबाइल फोन यापेक्षाही कमी प्रवाह देतात. म्हणून फिरत्या मुद्रणासाठी बाहेरील विद्युत् घटमालेवर चालणारे, म्हणजेच पॉवर बँकेसाठी वेगळे छिद्र असलेले उपकरण सोयीचे ठरते. वीज अनियमित असलेल्या गावी ही बाब निर्णायक असते.

मुद्रणात ऐकू येणारी ५० हर्ट्‌झ व तिच्या पटींची घरघर बहुधा उपकरणाच्या दोषामुळे नसून सदोष भूसंपर्कनामुळे किंवा दोन उपकरणांच्या भूतारांचे वलय तयार झाल्यामुळे येते. संगणक त्याच्या घटमालेवर चालविल्यास घरघर थांबते का, हे पाहून कारण ओळखता येते. सर्व उपकरणे एकाच फळीवरील छिद्रांना जोडणे व संतुलित तारा वापरणे हे तिच्यावरील योग्य उपाय होत. त्यासाठी भूतार तोडणे किंवा तीन टाचण्यांच्या खुंटीतील भूसंपर्काची टाचणी काढून टाकणे विजेच्या धक्क्याच्या दृष्टीने जिवावर बेतू शकते.

(७) जोडणी व सुसंगतता : यूएसबी ध्वनि-उपकरणांसाठी १९९८ व २००६ मध्ये सर्वमान्य मानके ठरविण्यात आली. ती पाळणारे उपकरण वेगळी चालक आज्ञावली न बसविता मॅक संगणक, आयपॅड, आयफोन व अनेक अँड्रॉइड फोन यांवर चालते. विंडोज प्रणालीत दुसऱ्या मानकास अंगभूत आधार २०१७ मध्ये मिळाला. तरीही कमी विलंबासाठी तेथे निर्मात्याने पुरविलेला चालकच वापरतात. केवळ निर्मात्याच्या खास चालकावर अवलंबून असलेले उपकरण, तो चालक नव्या प्रणालीसाठी तयार करणे थांबल्यास, सुस्थितीत असूनही निरुपयोगी होते. फायरवायर जोडणीची अनेक उत्तम उपकरणे नव्या संगणकांतून ते छिद्रच नाहीसे झाल्यामुळे अडगळीत गेली. दीर्घकाळ वापरण्याच्या दृष्टीने सर्वमान्य मानक पाळणे हा मोठा गुण होय.

(८) श्रवण व बांधणी : मुद्रण चालू असताना ते ऐकता आले नाही, तर दोष घरी परतल्यावरच कळतात. त्यासाठी हेडफोनचा विवर्धक पुरेसा बलवान असावा लागतो. अधिक संरोधाच्या हेडफोनला अधिक दाब लागतो. बाहेर आवाज न सांडणारे बंद पद्धतीचे हेडफोन मुद्रणाच्या वेळी योग्य ठरतात. धातूचे आवरण, घट्ट बसणारी छिद्रे, अंधुक प्रकाशातही वाचता येणारे पातळीदर्शक दिवे आणि चुकून धक्का लागून न फिरणाऱ्या चकत्या या गोष्टी प्रवासात विशेष महत्त्वाच्या असतात.

इंटरफेस व सुवाह्य मुद्रक : इंटरफेस स्वतः काहीही साठवीत नाही, संगणक किंवा फोन बंद पडल्यास मुद्रण थांबते. मुद्रणाच्या मध्येच फोनवर आलेला निरोप, पडदा बंद होणे किंवा सैल झालेली तार यांमुळे सबंध मुद्रण वाया जाऊ शकते. म्हणून अशा वेळी फोनचा जाळ्याशी असलेला संपर्क तोडून ठेवतात. स्मृतिपत्रावर स्वतंत्रपणे मुद्रण करणारा सुवाह्य मुद्रक या धोक्यांपासून मुक्त असतो आणि अनेक मुद्रक संगणकास जोडल्यावर इंटरफेसचेही काम करतात. मुख्यतः घरी काम करणाऱ्यास इंटरफेस, तर मुख्यतः फिरतीवर असणाऱ्यास असा दुहेरी उपयोगाचा मुद्रक अधिक सोयीचा ठरतो.

निवडीची उदाहरणे : घरी तानपुऱ्यासह रियाज मुद्रित करणाऱ्या विद्यार्थ्यास दोन पूर्वविवर्धक, ४८ व्होल्ट फँटम पुरवठा व थेट श्रवणाची सोय असलेले साधे उपकरण पुरते, उरलेली रक्कम मायक्रोफोन व त्याचा स्थिर आधार यांवर खर्च करणे अधिक फलदायी असते. भजनी मंडळाच्या मुद्रणात टाळ व पखवाज यांचा आवाज गायकांच्या कित्येक पट असतो. तेथे कमी गोंगाटापेक्षा मोठा संकेत विकृत न होता स्वीकारण्याची क्षमता महत्त्वाची असते. उपकरणाच्या माहितीपत्रकातील कमाल आदान-पातळी व संकेत घटविण्याची सोय पाहावी लागते. टाळ मायक्रोफोनपासून दूर बसविणे हा येथेही पहिला उपाय होय. याउलट घराच्या ओसरीवर, एकटीने व हलक्या आवाजात गाणाऱ्या वृद्ध स्त्रीच्या गीतांचे मुद्रण करताना कमी गोंगाटाचा पूर्वविवर्धक, घटमालेवरील पुरवठा व लहान आकार हे गुण श्रेष्ठ ठरतात. समोर यंत्रांचा पसारा मांडल्यास गाणारी व्यक्ती संकोचते, ही अडचण आकड्यांत मांडता येत नसली, तरी ती लहान नाही.

अशा मुद्रणाचे मोल महाराष्ट्रातील एका उपक्रमावरून लक्षात येते. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरील ओव्यांचा मोठा संग्रह केला. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी अनेक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्याच आवाजात अंकीय फितीवर मुद्रित करण्यात आल्या आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्यांच्या नावांसह प्रसिद्ध होऊ लागल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर पहाटे जाते ओढण्याचा प्रघात मागे पडला होता. शब्द लिहून घेता आले असते. गळ्याचे वळण, श्वासाची जागा आणि जात्याच्या फेऱ्याशी जुळलेली लय मात्र मुद्रणाखेरीज टिकली नसती.

मुद्रणानंतर : मुद्रणाची मूळ प्रत वेव्ह या असंपीडित स्वरूपात ठेवतात; एमपी३ सारख्या संपीडित स्वरूपात माहितीचा काही भाग कायमचा गाळला जातो. मूळ प्रतीच्या किमान दोन अधिक प्रती वेगळ्या साधनांवर व त्यांपैकी एक वेगळ्या ठिकाणी ठेवणे आवश्यक मानतात. मुद्रणाच्या आरंभीच गाणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक बोलून नोंदविल्यास ती माहिती ध्वनीपासून विलग होत नाही. गाणाऱ्याची संमतीही घ्यावी लागते. भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील १९९४ च्या दुरुस्तीने सादरीकरण करणाऱ्या कलावंताचे हक्क मान्य करण्यात आले आहेत.

वर उल्लेखिलेल्या गुणांपैकी सर्व गुण एकाच सुवाह्य उपकरणात सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. आदाने वाढली की शक्ती अधिक लागते, आकार लहान केला की छिद्रे व चकत्या कमी होतात आणि किंमत उतरली की बहुधा पूर्वविवर्धक किंवा बांधणी यांत तडजोड केलेली असते. प्रत्यक्ष गरजेची यादी आधी करून तीत न बसणारे गुण सोडून देणे, हीच निवडीची सुरक्षित रीत होय. साधे पण पूर्ण परिचयाचे उपकरण, मुद्रणापूर्वी घेतलेली पातळीची चाचणी आणि योग्य जागी ठेवलेला मायक्रोफोन यांच्या आधारे घरच्या खोलीतही जतन करण्याजोगे मुद्रण होऊ शकते.